हप्ते थकले आणि गाडी ओढून नेली : आता काय करायचे?

माझ्या मामेभावाचा छोटा टेम्पो होता. तीन हप्ते थकले होते. पहाटे बाजार समितीत भाजी उतरवून तो बाहेर पडला, तेवढ्यात दोन मोटारसायकलींवरून चौघे आले आणि टेम्पोला आडवे झाले. एकाने चावी काढून घेतली, दुसऱ्याने फोन कानाला लावला, "साहेबांशी बोला." तिसऱ्याने बोनेटवर एक छापील कागद ठेवला. "सही करा, म्हणजे पार्किंगचे पैसे लागणार नाहीत." घाबरलेल्या माणसाने सही केली. त्या कागदावर लिहिले होते, 'मी हप्ते भरण्यास असमर्थ असल्याने वाहन स्वखुशीने जमा करीत आहे.'

पुढे तक्रार केली तेव्हा कंपनीचा सगळा बचाव या एका ओळीवर उभा राहिला. टेम्पो कसा अडवला, चावी कशी हिसकावली, याला पुरावा नव्हता. सही मात्र होती. हा लेख त्या सहीमुळे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. थकबाकी ही थकबाकीच असते आणि ती फेडावीच लागते. पण हप्ता थकला म्हणून कर्जदाराचे हक्क संपत नाहीत. गाडी कशी ताब्यात घ्यायची, कशी विकायची आणि हिशेब कसा द्यायचा, यावर भारतीय कायद्याची आणि रिझर्व्ह बँकेची बंधने आहेत. ती कर्जदाराला माहीत नसतात आणि सीझिंगवाल्यांना, म्हणजे गाडी ओढून नेणाऱ्यांना, त्याच्या या अज्ञानाचाच फायदा हवा असतो.

आधी करार काढा

बहुतेकांकडे कराराची प्रत नसतेच. गाडी घेताना तीस-चाळीस पानांवर भराभर सह्या होतात आणि हातात फक्त हप्त्यांचे वेळापत्रक येते. आजच फायनान्स कंपनीला ईमेल करा : सहीचा पूर्ण करार, त्याची सर्व परिशिष्टे आणि कर्जखात्याचा उतारा द्या. कराराची प्रत जोडपत्रांसह कर्जदाराला दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' हा कर्जाच्या मुख्य अटींचा कागदही द्यावा लागतो, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत.

करार हाती आला की पहिला प्रश्न : हे कर्ज तारणाचे, म्हणजे हायपोथिकेशनचे आहे की हायर पर्चेसचे? आरसी बुकवर ते लिहिलेले असते. तारणाच्या कर्जात गाडी तुमची असते, फायनान्सवाल्याचा तिच्यावर बोजा असतो. हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्सवालाच असतो. हा फरक कोर्टात महत्त्वाचा ठरतो. मॅग्मा फिनकॉर्प या वित्त कंपनीच्या प्रकरणात १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हायर पर्चेसमध्ये ताबा घेण्याआधी नोटीस लागते की नाही, हे करारातल्या अटींवर ठरते. त्या प्रकरणात योग्य नोटीस न दिल्याबद्दल ग्राहकाला मिळाले अवघे १५ हजार रुपये. नोटीस नव्हती एवढ्या एका मुद्द्यावर मोठ्या भरपाईची आशा धरू नका.

दुसरा प्रश्न : ताब्याचे कलम काय म्हणते? बँकांसाठी २४ एप्रिल २००८ रोजी आणि बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांसाठी २४ एप्रिल २००९ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत परिपत्रके काढली. हे कलम कायद्याने टिकणारे हवे आणि त्यात सहा गोष्टी हव्यात. ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत टाळता येईल, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी, पैसे भरल्यावर गाडी परत देण्याची पद्धत आणि लिलावाची पद्धत. करारावर पेन्सिल घेऊन बसा आणि या सहांतली प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते खूण करा. जी सापडणार नाही, तो तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा. जी सापडेल आणि पाळली गेली नसेल, तो दुसरा.

हप्ता चुकला, गाडी अजून दारात आहे

याच काळात सगळ्यात जास्त काही करता येते आणि नेमके याच काळात माणूस फोन उचलायचे बंद करतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि वसुलीचा नूर बदलतो. त्याआधीच लेखी द्या. उत्पन्न का थांबले, किती भरू शकता, कधीपासून. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा. ती मान्य करणे कंपनीवर बंधनकारक नाही, पण तुम्ही पळत नव्हता याचा तो कागद पुढे प्रत्येक दारात कामी येतो.

थोडे पैसे जमले तरी भरा, पण वसुलीला आलेल्याच्या हातात पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन कर्जखात्यातच भरा. दंडाची रक्कमही तपासा. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार थकबाकीवर 'दंडव्याज' लावता येत नाही. दंड आकार लावता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांनाही जून २०२४ अखेरपर्यंत हाच नियम लागू करायचा होता. उताऱ्यात याच्या उलट दिसले तर लेखी हरकत घ्या.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक किंवा मित्रांना त्रास, मोबाइलवर घाणेरडे संदेश या सगळ्याला १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. एजंट बाहेरचा होता, आमचा नव्हे, असे म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. कॉल रेकॉर्ड करा, संदेश जपून ठेवा.

गाडी लपवू नका, परगावी पाठवू नका आणि फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय कोणाला विकू तर अजिबात नका. त्यातून फसवणुकीची फौजदारी तक्रार मागे लागू शकते आणि तुमची बाजू कितीही खरी असली तरी कमजोर पडते. चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्याची नोटीस आली तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी असते. ही मुदत हातची घालवू नका. आणि मूळ कर्जदाराचे निधन झाले असेल, तर कर्जासोबत विमा विकला होता का, हे घरच्यांनी सर्वात आधी पाहावे. हप्त्यातून विम्याचा हप्ता कापला गेलेला असतो आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

रस्त्यात अडवले तर

फायनान्सवाल्यांना दंडेलीने गाडी नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रथेवर न्यायालयाने कडक शब्दांत टीका केली. १४ नोव्हेंबर २०११ रोजी सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात हायर पर्चेसच्या गाड्यांनाही हेच लागू असल्याचे स्पष्ट केले : ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यायचा, बळाने नाही. पाटणा उच्च न्यायालय १९ मे २०२३ रोजी आणखी पुढे गेले. वसुली एजंटांकरवी गाड्या उचलणे हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे म्हणत दोषी बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड केला. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण युक्तिवादात जरूर वापरता येतो.

प्रत्यक्षात काय करायचे? गाडी बाजूला घ्या, काचा वर करा, दारे लॉक करा आणि मोबाइलचा व्हिडिओ सुरू करा. एखादा माणूस सोबत असेल तर व्हिडिओ त्याला काढू द्या, तुम्ही बोला. तीन गोष्टी मागा : बँकेचे किंवा कंपनीचे ओळखपत्र, त्या एजन्सीला दिलेले अधिकारपत्र आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत. कोर्टाचा आदेश आहे म्हणाले तर तो पूर्ण वाचा. त्यात तुमच्या गाडीचा क्रमांक आणि रिसीव्हर म्हणून, म्हणजे गाडी ताब्यात घ्यायला, कोर्टाने नेमलेल्या माणसाचे नाव असले पाहिजे. आदेश खरा असेल तर अडवू नका. फोटो घ्या आणि वकिलाकडे जा.

आदेश नसेल तर शांतपणे, व्हिडिओत नीट ऐकू येईल असे म्हणा, "माझी संमती नाही. मी गाडी स्वखुशीने देत नाही. लेखी कळवा." हे शब्द कॅमेऱ्यावर असणे अतिशय मोलाचे आहे. ११२ वर फोन करा. जबरदस्ती झालीच तर अंगावर जाऊ नका, गाडीपुढे आडवे पडू नका. गाडी नंतर सोडवता येते.

आता तो कागद. कोणत्याही 'सरेंडर लेटर'वर, म्हणजे गाडी स्वखुशीने दिल्याच्या कागदावर, सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच. 'सही नाही केली तर गाडी मिळणार नाही' ही भीती खोटी आहे, गाडी सोडवण्याचा हक्क सहीवर अवलंबून नाही. सही केल्याशिवाय सुटकाच नाही अशी वेळ आली तर सहीशेजारी लिहा : 'संमती नाही, दबावाखाली सही', तारीख आणि वेळ टाका, फोटो काढा.

इन्व्हेंटरी, म्हणजे गाडीच्या भागांची आणि सामानाची यादी, मात्र मागून घ्या, ती तुमच्या फायद्याची आहे. सीझिंगवाले घाईत टायर '४', बॅटरी 'आहे' एवढेच लिहितात. तुम्ही किलोमीटरचा आकडा, चारही टायर आणि स्टेपनीचे क्रमांक, बॅटरीचा क्रमांक, म्युझिक सिस्टीम, जॅक, ताडपत्री, डिझेलचा काटा सगळे लिहायला लावा. लिहीत नसतील तर गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढा आणि डॅशबोर्डवर थांबा. भावाचा टेम्पो यार्डातून परत आला तेव्हा नवी बॅटरी जाऊन जुनाट बॅटरी बसली होती. यादीवर फक्त 'आहे' लिहिलेले होते, मग भांडणार कशावर?

गाडीतले सामान तुमचे आहे. कर्ज गाडीवर आहे, आत ठेवलेल्या कागदपत्रांवर, हत्यारांवर, औषधांवर नाही. गाडीत दुसऱ्याचा माल भरलेला असेल तर बिल्टी दाखवा आणि माल उतरवून द्या म्हणून सांगा. त्या मालाचा कर्जाशी काही संबंध नाही. मूळ आरसी बुकही देऊ नका. त्याचे कारण पुढे येते.

पहिले दोन दिवस

पोलीस ठाण्यात जा. अनेक फायनान्सवाले ताबा घेण्याआधी किंवा नंतर ठाण्याला एक कळवणी देतात आणि तिथले हवालदार ती दाखवून सांगतात, "ही दिवाणी बाब आहे." ती कळवणी म्हणजे परवानगी नव्हे. तरीही चोरीचा गुन्हा नोंदवण्याचा हट्ट फार उपयोगी पडत नाही, कारण करारानुसार थकबाकीपोटी घेतलेला ताबा चोरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आहेत. तक्रार करा ती प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींची. भारतीय न्याय संहितेत अडवणुकीसाठी कलम १२६, मारहाणीसाठी ११५, धमकीसाठी ३५१ आणि घरात घुसण्यासाठी ३२९ आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टाने पत्र टाका. मजकूर एवढा पुरे :

"माझे वाहन क्र. ____ दि. ____ रोजी ____ वाजता ____ येथून माझ्या संमतीशिवाय ताब्यात घेण्यात आले. (१) ताब्यापूर्वीची नोटीस व ती पोचल्याचा पुरावा, (२) एजन्सीचे नाव व अधिकारपत्र, (३) वाहन कोणत्या यार्डात आहे तो पत्ता, (४) इन्व्हेंटरीची प्रत, (५) आजच्या तारखेपर्यंतचा खातेउतारा व वाहन सोडवण्यासाठी लागणारी रक्कम तपशिलासह सात दिवसांत द्यावी. मी थकबाकी भरण्यास तयार आहे. मला अंतिम संधी दिल्याशिवाय वाहन विकू नये. ताब्यानंतर वाहनाचा वापर, अपघात, नुकसान व दंड याची जबाबदारी आपली राहील."

या पत्राची एक प्रत आरटीओला द्या. ताब्यानंतर गाडीने अपघात केला किंवा तिच्यावर ई-चलान आले तर नोंदणीकृत मालक म्हणून पहिले नाव तुमचे येते, म्हणून ताब्याची तारीख आणि वेळ सरकारी दप्तरी असलेली बरी. फास्टॅगही लगेच बंद करा.

गाडी विकण्याआधी

आधी गाडी सोडवायची की भांडायचे? माझे मत : पैशांची सोय होत असेल तर आधी गाडी सोडवा, भांडण नंतर. यार्डात उन्हापावसात उभी राहिलेली गाडी रोज उतरते आणि पार्किंगचे भाडे रोज चढते. पैसे भरताना पत्रात एक वाक्य टाका, 'माझे हक्क राखून, हरकतीसह भरत आहे'. ताब्याचा खर्च, टोचनचा खर्च, यार्डाचे भाडे हे करारात किंवा आकारांच्या यादीत आहे का ते विचारा आणि बिल मागा. नुसत्या तोंडी आकड्यावर पैसे देऊ नका.

सोय होत नसेल तर किंमत वाचवणे हे काम उरते. यार्डात जाऊन गाडीचे फोटो काढा. जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घ्या. ते भाव कंपनीला कळवा, मूल्यांकन अहवाल आणि लिलावाची तारीख मागा, स्वतः ग्राहक आणण्याची तयारी दाखवा. पुढे गाडी मातीमोल भावात विकली गेली तर हेच कागद बोलतील.

बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, कारवाई केली असेल तर कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस आधी आलेली असली पाहिजे. छोट्या वाहनकर्जांत हा मार्ग क्वचितच दिसतो.

तक्रार कुठे करायची

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट होते, वकील लागत नाही. मुख्य अट अशी, आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही की रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जाता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एजंटांची वागणूक, चुकीचे आकार, कागद न देणे अशा बाबींना हे दार चांगले. पण तीस दिवसांत गाडी विकली जाऊ शकते. विक्री थांबवायची असेल तर ग्राहक आयोगच गाठा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे जिल्हा आयोग अंतरिम आदेश देऊ शकतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत गाडी विकू नका असे सांगू शकतो. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच सुनावणी करतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, मार्गदर्शनासाठी १९१५. अंतरिम अर्जासोबत थकबाकीचा काही भाग भरायची तयारी दाखवली तर अर्जाचे वजन फार वाढते.

टेम्पो, रिक्षा, टॅक्सीवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 'ही व्यावसायिक गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही' हा कंपनीच्या वकिलाचा पहिला वार असतो. कायद्यातच लिहिले आहे की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा : गाडी मी स्वतः चालवतो, घर तिच्यावर चालते. एकच गाडी आहे, स्वतःचे लायसन्स आणि बॅज आहे, हे कागद जोडा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, क्रमांक १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीतली तडजोड मात्र नीट वाचून सही करा, तिच्यावर अपील नसते.

लवादाची नोटीस आली तर

चेन्नई, कोलकाता अशा लांबच्या शहरातून जाड लखोटा येतो, त्यात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर वाद ऐकून निवाडा देणारा माणूस, नेमल्याचे पत्र असते. लोक तो फळीवर टाकून देतात आणि काही महिन्यांनी एकतर्फी निवाडा येतो. तसे करू नका. कंपनीने परस्पर, एकटीच्या मर्जीने नेमलेला लवाद टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सांगितले आहे. पण ही हरकत लेखी घ्यावी लागते. निवाडा झालाच असेल तर प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यावे लागते, फार तर आणखी ३० दिवस मिळू शकतात. करारात लवादाचे कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हेही २०१८ मध्ये ठरले आहे.

गाडी विकली गेल्यावर

हिशेब मागा. किती थकबाकी, किती खर्च, गाडी कितीला गेली, किती जणांनी बोली लावली. विक्रीतून बाकीपेक्षा जास्त आले असेल तर उरलेले पैसे तुमचे आहेत. कमी आले असेल तर फरक तुमच्याकडून मागितला जाईल, जामीनदाराकडूनही. म्हणून जामीनदारालाही सगळ्या पत्रांच्या प्रती द्या, बिचाऱ्याला बहुतेक वेळा थेट वसुलीच्या फोनवरूनच कळते.

आरसी बुक देऊ नका म्हटले ते यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्सवाला गाडी स्वतःच्या नावावर करून घेऊ शकतो, पण त्याला फॉर्म ३६ भरावा लागतो आणि आरसी तुमच्याकडे असेल तर आरटीओ तुम्हाला फॉर्म ३७ ची नोटीस पाठवून म्हणणे मांडायची संधी देतो. मुदतीत लेखी म्हणणे द्या, आयोगात तक्रार चालू असल्याची पोच जोडा. आरटीओतला तुमचा पत्ता जुना असेल तर ही नोटीस जुन्याच घरी जाईल, तेव्हा पत्ता बदलून घ्या.

आणि गाडी सोडवून पूर्ण कर्ज फेडलेत, तर एनओसी (ना-हरकत पत्र) आणि सहीचा फॉर्म ३५ हातात घेऊनच कंपनीच्या दारातून बाहेर पडा. आरटीओत तो देऊन बोजा उतरवा. तडजोडीत काही रक्कम सोडून दिली गेली असेल तर क्रेडिट अहवालात खाते 'सेटल्ड' दिसते, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढचे कर्ज तिथे अडते. उरलेली रक्कम भरून शेरा बदलून देणार का, हे तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधीच लेखी विचारा.